रविवारची नाडी

११ फेब्रुवारी

दादा,

फोन करून पाहिला. तू "हॅलो, हॅलो" म्हणत राहिलास, मी ओरडत राहिले, शेवटी खालच्या मजल्यावरच्या बाई काय झालं म्हणून वर आल्या. तुझ्या कानातलं यंत्र आणि माझा फोन ह्यांचं काही जमत नाही. म्हणून पत्र. खारू बरी आहे. हे वाक्य पहिलं लिहायचं ठरवलं होतं.

रविवारी सकाळी तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं. मी चहा ठेवायला उठले तर तुझी लेक बाथरूमच्या दारापाशी जमिनीवर, भिंतीला पाठ लावून. अंगावर आदल्या दिवशीचेच कपडे. मी म्हटलं, "अगं, इथे काय बसलीस?" म्हणाली, "फरशी गार आहे." मग माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. दादा, चाळीस वर्षं मी शिलाई मशीन चालवते आहे. इतक्या वेगाने चाललेलं काही माझ्या हाताखाली आलेलं नाही.

टॅक्सीत ती सारखी बोलत होती. ड्रायव्हरला रस्ते सांगत होती, त्याला माहीत असलेलेच. तोंडात काही नसताना जबडा हलत होता. डोळ्यांतल्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झालेल्या की डोळ्यांचा रंगच दिसेना. मध्येच माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "आत्या, तू किती छान आहेस गं." हे ऐकून मी जास्त घाबरले.

तातडीच्या विभागात नर्सने मोजलं. एकशे अडुसष्ट. पडदा ओढला. डॉक्टर म्हणजे एक मुलगीच, खारूपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल नसेल. मला म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसा." मी म्हटलं, "मी तिची आत्या आहे." ती म्हणाली, "म्हणूनच." बाहेर बसले. सहा तास.

दुपारी चारला सोडलं. एक कागद दिला, तो खारूनेच घडी करून खिशात घातला. डॉक्टरला विचारलं तर म्हणे, "त्या सज्ञान आहेत, त्यांनाच विचारा." तिला विचारलं तर म्हणते, "दमणूक." दमलेली माणसं मी रोज बघते, दुकानात आरशासमोर उभी असतात आणि पँट किती आखूड करायची तेही त्यांना सांगता येत नाही. ती असं करत नाहीत.

आपल्या घरात कोणाचं हृदय असं होतं का? आईचं? वहिनीचं? तुला काही आठवतं का?

धाकटी

१७ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र तीनदा वाचलं. कळलं काहीच नाही. दोष तुझा नसावा.

आईचं हृदय चांगलं होतं. हिचंही. शेवटपर्यंत तेच तेवढं चांगलं होतं, तुला माहीत आहे.

खारूला मेसेज केला. उत्तर आलं, "बाबा, मी ठीक आहे. आत्या उगाच घाबरते." पुढे एक हसरं तोंड. हसऱ्या तोंडाला काय उत्तर देतात?

तू "सकाळी" लिहिलंस. किती वाजता? आदल्या दिवशी तिने काय खाल्लं? बाथरूमला खिडकी आहे का, ती उघडी होती का? पाणी तापवायला काय आहे, वीज की गॅस? तुला स्वतःला काही झालं का, डोकं जड वगैरे? हे सगळं का विचारतो ते सांगतो. दुकानदार मला बोलावतात, म्हणतात वजनाचा काटा खोटा दाखवतोय. नवीन होतो तेव्हा मी आधी काटा उघडायचो. आता आधी टेबल बघतो. दहातल्या आठ वेळा काट्याला काही झालेलं नसतं. टेबलाच्या एका पायाखाली कोणीतरी पुठ्ठा सरकवलेला असतो, नाहीतर वर पंखा चालू असतो. खारू काही बिघडलेली नाही. तिच्या आजूबाजूचं काय ते बघ.

डिसेंबरात तिने छोटा काटा मागितला होता, ऑफिसात इमारतींच्या मॉडेलांचं रेझिन मोजायला. तो नीट चालतो का तेही विचार. दहा मिलिग्रॅमपर्यंत खरा आहे, मी स्वतः वजनं लावून तपासला. आपल्या धंद्यातलं काही तिने मागण्याची सत्तावीस वर्षांत ही पहिली वेळ.

दादा

१७ मार्च

आत्या,

तू दुकानात गेली आहेस म्हणून लिहून ठेवते. समोर बोलता येत नाही. तुझा चेहरा पाहिला की मी खोटं बोलायला लागते.

काल डॉक्टरने तुझ्यासमोरच विचारलं. मीच म्हटलं होतं, राहू दे तिला, माझा हात धरू दे. तुझा हात सुटला नाही, पण गार पडला. तर शब्द लिहूनच टाकते. कोकेन. ऑफिसातले आम्ही पाच जण. शनिवारी. आठवडाभर वाकून दुसऱ्यांच्या इमारती चिकटवायच्या, एवढ्याएवढ्या खिडक्या, एवढीएवढी झाडं, आणि शनिवारी मान वर करून नाचायचं. रोज नाही. सोमवारी नऊला मी माझ्या टेबलावर असते. व्यसनी माणूस असा नसतो ना? हे मी तुला विचारतेय की कुणाला, मलाच कळत नाही.

मला कळत नाही ते वेगळंच आहे. मी मोजून घेते. बाकीचे अंदाजाने घेतात, मी काट्यावर. बाबांचाच काटा. सगळ्यांचं मीच मोजते, मला "केमिस्ट" म्हणतात. दोन्ही वेळा वजन बरोबर होतं. मग असं का झालं?

बाबांना सांगू नकोस. ते रागावले असते तर मी स्वतःच सांगितलं असतं. ते रागावत नाहीत, ते शोधून काढतात. शोधत शोधत काट्यापर्यंत आले तर मी काय करू? तू माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आहेस.

मी माझी मीच बंद करते. खरंच.

खारू

१८ मार्च

दादा,

परत तेच झालं. परवा, रविवारी. ह्या वेळी छातीत दुखत होतं आणि डाव्या हाताला मुंग्या. रक्त दोनदा तपासलं, तीन तासांच्या अंतराने. हृदयाला इजा नाही म्हणाले. आता घरी आहे, काल कामावरही गेली.

तुझे प्रश्न राहिले होते. सकाळी म्हणजे आठच्या सुमारास, दोन्ही वेळा. बाथरूमला खिडकी आहे, पण रंगकाम केलं तेव्हा ती चिकटली ती चिकटलीच. पाणी गॅसच्या गीझरवर तापतं, गीझर आतच आहे. मला काही झालं नाही. डोकं माझं नेहमीच जड असतं. काटा चांगला चालतो म्हणाली.

डॉक्टर बघतायत.

मला काही कळत नाही, दादा. हे मात्र अगदी खरं लिहिते आहे.

धाकटी

२५ मार्च

धाकटे,

सापडलं.

तू स्वतःच लिहिलं आहेस, फक्त तुला दिसलं नाही. दोन्ही वेळा रविवार. आठवडाभर ती ऑफिसात असते, सुट्टीच्या दिवशी घरी. दोन्ही वेळा सकाळी आठ. दोन्ही वेळा बाथरूम. खिडकी चिकटलेली, गीझर आत. पहिल्या पत्रात तू लिहिलंस की ती बाथरूमच्या दारातच बसली होती. कोंडलेल्या जागी गीझर जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो, ह्या गॅसला वास नसतो, रंग नसतो. छाती धडधडते, माणूस बरळतो. मी वाचून काढलं आहे. तुला होत नाही कारण तू बादलीभर पाणी काढून दोन मिनिटांत बाहेर येतेस. ती अर्धा अर्धा तास आत असते, लहानपणापासून.

डॉक्टरांना हे सुचलं नाही ह्याचं मला नवल वाटत नाही. ते काटाच उघडून बसले आहेत.

सोबत गॅस मोजायचं यंत्र पाठवतो आहे. दार लावून, गरम पाणी सोडून वीस मिनिटं थांब आणि आकडा कळव. पण आकड्याची वाट बघत मी बसणार नाही. तुमच्या शहरात माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे, धान्याचं दुकान आहे त्याचं. वीस वर्षं त्याचे काटे माझ्याकडे येतात. त्याच्या दुकानावर एक खोली आहे. हवेशीर, विजेचा गीझर, तिच्या ऑफिसपासून जवळ. मी शब्द टाकला आहे. तो हो म्हणाला.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तू तिला आईसारखं सांभाळलंस. घराचा दोष आहे, तुझा नाही.

दादा

२ एप्रिल

दादा,

यंत्र लावलं. दार लावून, गरम पाणी सोडून, वीस मिनिटं. शून्य. दुसऱ्या दिवशी परत लावलं. शून्य.

खिडकीही सुताराकडून उघडून घेतली आहे. तेव्हा आता खोलीची गरज नाही. खारू इथेच राहिलेली बरी. का ते विचारू नकोस. ती कोणाच्या तरी नजरेसमोर असावी एवढंच म्हणते. नवीन जागेत तिला काही झालं तर कळणार कोणाला? धान्यवाल्याला?

खारू जायला तयार आहे. तयार काय, तिने दोन खोकी भरूनही ठेवली. मी म्हटलं, "एवढी घाई?" तर म्हणाली, "बाबांनी एवढं शोधून काढलंय, त्यांचं मन कशाला मोडायचं?" आणि हसली. मी नाही हसले.

तू म्हणशील ते.

धाकटी

६ मे

धाकटे,

खोली तुला दाखवायची होती. खारू राहायला गेली तेव्हा मी दोन दिवस तिथे होतो, सामान लावलं, तिचं कामाचं टेबल पाणसळीने सरळ करून दिलं. तू निरोप द्यायलासुद्धा आली नाहीस. दुकानात गर्दी होती म्हणालीस. शनिवारी तुमचं दुकान अर्धा दिवस असतं. असो. इतकी वर्षं घरात पोर होती, एकदम घर मोकळं झालं, तुला लागणारच. "कोणाच्या तरी नजरेसमोर असावी" असं तू लिहिलंस तेव्हाच ओळखलं. तुझ्याच नजरेसमोर असावी असं तुला म्हणायचं होतं.

तुझ्या त्या शून्याचा मी विचार केला. यंत्रच बिघडलेलं असणार. परत पाठव, तपासतो.

आता चांगली बातमी. मी खारूला सांगितलं होतं की दर रविवारी सकाळी आठला नाडी मोजून कळव. चार रविवार झाले. ७२, ७४, ७२, ७६. कागदावर चार टिंबं काढून जोडली, रेघ जवळजवळ सपाट आली. कागद कामाच्या टेबलासमोर लावला आहे. कोणी गिऱ्हाईक विचारतं, हे कसलं? मी म्हणतो, माझ्या मुलीची तब्येत.

दादा

१३ मे

दादा,

ते चार आकडे कोणाच्याही नाडीचे असू शकतात. माझ्याही. आत्ता मोजली, ७४ आली.

तिच्याकडे जाऊन ये. कळवू नकोस. शनिवारी जा. रविवारी सकाळपर्यंत थांब.

मी दोनदा गेले. दोन्ही वेळा दार बंद होतं. खाली धान्यवाला म्हणाला, "ताई बाहेर गेल्या असतील. गुणी मुलगी आहे हो, कधी आवाज नाही."

हे पत्र मी आधी दोनदा लिहिलं. दोन्हींत जास्त लिहिलं होतं. ती फाडली. हे पाठवते. पण तू जा.

धाकटी

२३ मे

धाकटे,

तू हॉस्पिटलातून घरी गेलीस की लिहायला घेतो, परत आलेली दिसलीस की घडी घालून ठेवतो. समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाला पत्र लिहिणं विचित्र आहे. पण ह्या हॉलमध्ये बोलायला लागलो तर सगळ्यांना ऐकू जाईल. माझा आवाज किती मोठा आहे ते मला कळत नाही.

जसं घडलं तसं लिहितो. डोक्यात क्रम लागत नाही, कागदावर लागतो का बघतो.

तू शनिवारी जा लिहिलंस, मी पुढच्या शनिवारी जाऊ म्हटलं. रविवारी अकराला धान्यवाल्याच्या छतातून पाणी गळायला लागलं. तो वर गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. खारू बाथरूममध्ये पडलेली, नळ चालू, अंगावर गार पाणी आणि अंग तव्यासारखं तापलेलं. त्याच्याकडे नंबर एकच, माझा. त्याने अॅम्ब्युलन्स बोलावली आणि मला मेसेज केला: "ताई बेशुद्ध. बाथरूममध्ये." मी काय उत्तर दिलं ते माझ्या फोनवर आहे, रोज वाचतो. "गॅस आहे. खिडक्या उघडा. डॉक्टरांना गॅस सांगा. आधीही दोनदा झालंय."

तिथे गॅस नव्हताच. गीझर विजेचा. मीच ती खोली निवडली होती, तरी मी गॅस लिहिलं.

त्या भल्या माणसाने तो मेसेज डॉक्टरांसमोर धरला. त्यांनी प्राणवायू लावला, गॅससाठी रक्त पाठवलं. मग कोणीतरी ताप पाहिला, एकेचाळीस सेल्सिअसच्या वर. मग सगळे धावले. नंतर मी डॉक्टरांना विचारलं, माझ्या मेसेजमुळे किती वेळ गेला? ते म्हणाले, "वीस मिनिटं असतील." मी विचारलं, त्या वीस मिनिटांनी काय फरक पडला? ते म्हणाले, "सांगता येत नाही." मी म्हटलं, अंदाजे सांगा. ते म्हणाले, "अंदाजेही नाही."

मग त्यांनी मला विचारलं, तिने काय घेतलं होतं. मी म्हणालो, चहा घेते सकाळी. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून मी कानातलं यंत्र नीट केलं.

ती शुद्धीत नाही म्हणून त्यांनी जुन्या नोंदी मला दाखवल्या. दोन आहेत. फेब्रुवारीतली आणि मार्चमधली. दोन्हींत त्या द्रव्याचं नाव आहे. मार्चच्या कागदावर खाली लिहिलं आहे: "सोबत आत्या. आत्यांसमोर चर्चा केली."

धान्यवाल्याने तिच्या खोलीतल्या वस्तू आणून दिल्या. त्यात काटा आहे. खाली माझं सील. पोलिसांनी खोलीत सापडलेली पुडी तपासायला नेली होती. म्हणे ती घेत होती ते हे नव्हतंच, विकणाऱ्याने दुसरंच काही दिलं होतं, तेवढ्याच वजनाला कितीतरी जास्त जोराचं. मी रात्रभर तो काटा तपासत बसलो. खरा आहे. एका कणाचा फरक नाही. मी हे सगळं का लिहितो आहे?

एकच विचारायचं आहे. मी गॅसचं यंत्र पाठवलं तेव्हा तुला माहीत होतं?

दादा

२४ मे

दादा,

हो.

१६ मार्चपासून माहीत होतं. यंत्र लावलं तेव्हा मी वीस मिनिटं बाथरूममध्ये वाफेत उभी होते. शून्यच येणार हे मला माहीत होतं. तरी एखादा आकडा यावा म्हणून मी त्या यंत्राकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी परत लावलं ते त्यासाठीच. आला असता तर मीच तुला सांगितलं असतं, दादा, तू बरोबर होतास.

शपथेमुळे गप्प बसले असं म्हणावं तर ते निम्मंच खरं. तुला राग येईल पण लिहिते. लहानपणापासून जे काही व्हायचं ते आधी तुला कळायचं, मग मला. आपल्या बाबांचं आजारपण, घर विकणं, सगळं. पहिल्यांदा कोणीतरी काही फक्त मला सांगितलं. एवढं मोठं. मी ते धरून बसले. ते काय आहे हे मला कळत होतं, नव्हतंही. तिने "बंद करते" लिहिलं होतं, मी ते रोज वाचायचे, आणि रोज ते पुरायचं.

सांगितलं तर तू तिला घेऊन जाशील अशी भीती होती. सांगितलं नाही, आणि तू तिला घेऊन गेलास.

१३ तारखेला आधी लिहिलेल्या पत्रात सगळं होतं. तेच फाडलं.

मी बाकावर बसते तेव्हा तू उठून जातोस. उठू नकोस. मी काही बोलणार नाही.

धाकटी

१५ जून

धाकटे,

तुझं पत्र तीन आठवडे खिशात आहे. उत्तर अजून तयार नाही. पण आता गावी परत आलो आहे आणि कामाचं लिहायला हवं.

तुला डॉक्टरांनी सांगितलं असेलच, गुरुवारी डायलिसिस थांबवलं. त्या तापाने बंद पडलेली मूत्रपिंडं परत चालायला लागली आहेत. पायांत जोर नाही. हात थरथरतात, म्हणजे मॉडेलांचं काम इतक्यात नाही. समुपदेशन करणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येणार. त्यांना मी विचारलं, ही पुन्हा घेईल का? त्या म्हणाल्या, "तुम्ही तिला विचारलंत का?" सगळे मला हेच सांगतात.

निघण्याआधी मी तिला नाडीचं विचारलं. मनाने लिहिलेस ना आकडे? म्हणाली, "तिसऱ्या रविवारी खरंच मोजली होती, बाबा. एकशे तीस आली. म्हणून बहात्तर लिहिलं." मग रडायला लागली. मी तिथेच बसून राहिलो. पाणी दिलं.

मी तुझ्यावर चिडलो आहे. तुझ्यावर चिडणं संपत आलं की तो मेसेज आठवतो, आणि मग परत तुझ्यावरच चिडतो, कारण ते सोपं जातं. किती दिवस चालेल माहीत नाही.

ती तुझ्याकडे राहायचं म्हणते. मी नाही म्हणणार होतो. मग विचार केला, माझ्याकडे आली तर मी दिवसभर तिला मोजत बसेन. तिची नाडी, तिची झोप, बाथरूममधली मिनिटं. तिला पुन्हा चांगले आकडे सांगायला लागतील. तेव्हा ने तिला.

तिची एक अट आहे. तिच्याबद्दल मला काही लिहिशील तर ते आधी तिला वाचायला द्यायचं. माझी अट, त्यातून काही गाळायचं नाही.

दादा

१२ जुलै, शनिवार

दादा,

हे पत्र खारू वाचणार आहे. त्यामुळे हात जरा अवघडला आहे, पण लिहिते.

तब्येत सुधारते आहे. जिना एका दमात चढते. हातांची थरथर कमी आहे. काल तिने माझ्या मशीनच्या सुईत दोरा ओवला, चौथ्या प्रयत्नात. पहिले तीन मी बघितले नाहीत असं दाखवलं.

बुधवारी ऑफिसातली एक मैत्रीण आली होती. त्या पाचांपैकी. चांगली मुलगी आहे, हेच मला अवघड जातं. मला वाटलं होतं कोणीतरी वाईट दिसणारं येईल. हिने येताना फुलं आणली, कपबशा विसळून ठेवल्या. जाताना दारात म्हणाली, "शनिवारी सगळे जमतोय. नुसती ये. बस." खारू म्हणाली, "बघते."

आज पाचला खारूने आंघोळ केली आणि हिरवा शर्ट काढला. तो तिला ढगळ व्हायचा, मीच गेल्या आठवड्यात दोन्ही बाजूंनी आत घेऊन दिला. आता अगदी अंगासरसा बसतो. मी म्हटलं, "कुठे?" ती म्हणाली, "तुला माहीत आहे."

मी दारात उभी राहिले नाही. समुपदेशनाच्या बाई म्हणाल्या होत्या, अडवू नका, विचारा. मी आजवर विचारलं नव्हतं, दादा. एकदाही नाही. शपथ घेतली, पत्र लपवलं, खिडकी उघडून घेतली, पण तिला सरळ काही विचारलं नाही. म्हटलं, "काय घेणार आहेस?"

"आत्या, हा काय प्रश्न झाला?"

"मला एवढाच येतो."

"काही नाही असं सांगितलं तर तुला खरं वाटेल?"

"नाही."

"मग घेणार आहे असं सांगितलं तर?"

"तेही नाही."

तिला हसू आलं. मग तिने शर्टाचं वरचं बटण लावलं, काढलं, परत लावलं. म्हणाली, "माहीत नाही. खरंच माहीत नाही मला." आणि चप्पल घालून निघाली.

तू मला विचारशील की हे ऐकून मी काय केलं. काही नाही. मला एवढंच वाटलं की इतक्या महिन्यांत तिचं हे पहिलं बोलणं मला पूर्ण पटलं. त्याने बरं वाटलं की भीती वाटली, कळत नाही. भीतीच असेल.

आता सहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. ती गेली. पत्र तिला वाचायला द्यायचं आहे, म्हणून पाकिटात घालत नाही.

धाकटी

बाबा,

वाचलं. आत्याचं एक चुकलं आहे, मी गेले नाही. जिन्यात बसले होते, दुसऱ्या वळणावर. पाऊण तास. मैत्रिणीला येते असं कळवलं नाही, येत नाही असंही नाही. खालच्या बाई दोनदा वरखाली गेल्या, दुसऱ्यांदा म्हणाल्या, "किल्ली विसरलीस का गं?" मी हो म्हटलं.

मग वर आले. आत्याने दार उघडलं. आधी काही विचारलं नाही, मग विचारलं. मी सांगितलं.

ती म्हणाली, हे सगळं तूच लिही, आणि पुढच्या शनिवारचं काय तेही लिही. पुढच्या शनिवारचं मला माहीत नाही.

खारू